श्रीतुकोबाराय आणि देवाच्या शब्दावरील निष्ठा

आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य तडीस जात असताना ज्या महापुरुषाची आठवण प्रथम व्हावी, ते म्हणजे देहूचे जगद्गुरू श्रीतुकोबाराय. त्यांच्या परमार्थाचा आरंभच मुळी एका भंगलेल्या देवळाच्या दुरुस्तीने झाला.

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीकाठी देहू येथे सुमारे १६०८ साली त्यांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात पंढरीची वारी, पेठेची महाजनकी व वाण्याचा व्यापार. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, त्यामुळे प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर पडला. व्यापार म्हणजे गोड बोलण्याचा धंदा. तो त्यांना साधला नाही. एका ठकाने तर सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे सोने म्हणून त्यांच्या गळ्यात मारले, अशी हकीकत महिपतीबोवांनी लिहून ठेवली आहे. आईवडील निवर्तले. पुढे १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. थोरली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली, मुलगा संतोबा गेला, दिवाळे निघाले. कालपर्यंत मान देणारे लोक नावे ठेवू लागले.

अशा वेळी माणूस देवाला बोल लावतो. तुकोबांनी देऊळ नीट करावयास घेतले! पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते त्यांनी उभे केले. पदरी पैसा नव्हता, हे देणगी देताना हात आखडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मग तेथे एकादशीला कीर्तन सुरू झाले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, म्हणून त्यांनी संतांची वचने विश्वासाने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले. खऱ्याखोट्याचा निवाडा लोकांच्या बोलण्यावर न ठेवता आपल्या मनालाच साक्षी केले, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सावकारीची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली.

यथाकाल अभंग स्फुरू लागले. ही वाणी आपली नव्हे, पांडुरंग बोलवितो तेच आपण बोलतो, अशी त्यांची धारणा होती. याच ठिकाणी खरी कसोटी लागली. मंबाजी गोसाव्याने छळ मांडला. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांना शूद्राच्या मुखी वेदांचा अर्थ खपला नाही. त्यांनी अभंगांच्या वह्या पाण्यात बुडविण्यास सांगितले. तुकोबांनी वाद घातला नाही. वह्या डोहात सोडल्या आणि काठावर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस धरणे धरले. शब्द देवाचा असेल तर देव राखील, आपला असेल तर बुडालेलाच बरा, एवढाच त्यामागचा हिशेब असावा. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आम्हास मात्र त्या चमत्काराहून ते तेरा दिवस थोर वाटतात. टवाळांना तोंड बंद ठेवून सोसणे सोपे नव्हे.

१६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. ज्यांनी वह्या बुडवावयास लावल्या, ते रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. आज घरोघरी व देवळोदेवळी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्याच रामेश्वरभट्टांनी रचलेली आहे.