तीन महिन्यांची शपथ



घरातला कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला, की त्याची आई किंवा पत्नी धर्मगुरूंकडे येते आणि विनवणी करते : फादर, याला शपथ द्या. क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली जाते. घरात चार दिवस आनंद असतो. महिना-दीड महिन्याने शपथ मोडते आणि मग सगळे म्हणतात, याला मनच नाही. खरे तर त्याला मन असते, पण ते मन आजारी असते. हे समजून घ्यायचे असेल, तर आयर्लंडच्या डब्लिन शहरातील एका मजुराचे चरित्र आपण वाचायला हवे. त्याचे नाव मॅट टॅल्बट.

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनमधील एका गरीब वस्तीत झाला. चार्ल्स आणि एलिझाबेथ टॅल्बट यांच्या १२ मुलांपैकी तो दुसरा. वडील बंदरावर कामाला होते. कष्टाळू, पण पिणारे. थोरला मुलगा सोडला, तर घरातले बाकीचे भाऊही पुढे वडिलांच्याच वाटेने गेले. मॅटची शाळा जेमतेम झाली. बाराव्या वर्षी तो एका दारू-व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. तिथे बिअर बाटल्यांत भरली जाई. उरलेसुरले घोट पोरे चाखत. वर्षभरात मॅट झिंगून घरी येऊ लागला. वडिलांनी त्याला बदडले आणि आपल्या नजरेखाली राहावा म्हणून बंदराच्या गोदामात कामाला लावले. ते गोदाम व्हिस्कीचे होते. बिअर पिणारा पोर तिथे व्हिस्की पिऊ लागला.

पुढे तो गवंड्यांच्या हाताखाली विटा-चुना वाहू लागला. काम वाघासारखे करी. रात्री कितीही प्यालेला असला, तरी सकाळी कामावर हजर असे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपणही म्हणतो, तो रोज कामावर जातो ना, मग त्याला कसला आजार? मॅटचा आजार शनिवारी दिसे. आठवड्याचा पगार सरळ गुत्त्यात जाई. पैसे संपले, की पायातले बूटसुद्धा विकून तो अनवाणी घरी येई. एकदा तर त्याने आणि त्याच्या मित्रांनी रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचे फिडल पळवले आणि ते विकून दारू प्यायली. गरिबाच्या पोटावर पाय आला, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीही आले नाही. दारू पहिल्यांदा माणसाची लाज काढून घेते, पैसे त्यानंतर.

अशी १६ वर्षे गेली. त्या काळात मॅटच्या अंतःकरणात काय चालले होते, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. पण अशा मनात काय घडते, ते आज डॉक्टर सांगू शकतात. दारू मेंदूला मंद करते. रोजच मंद केले जात असल्यामुळे मेंदू आपला तोल राखण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवू लागतो. मग दारू उतरली, की हात थरथरतात, छातीत धडधडते, विनाकारण भीती वाटते. ती भीती घालवायला माणूस पुन्हा पितो. झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते. हळूहळू उदासपणा घर करतो, कशात रस राहत नाही. काहींच्या मनात पत्नीविषयी खोटा संशय शिरतो आणि तो घरादाराचे हाल करतो. काहींच्या शरीरातले बी-१ जीवनसत्त्व इतके घटते, की स्मरणशक्तीच कायमची जाते. जीव नकोसा होऊन टोकाचे पाऊल उचलणाऱ्यांत दारूच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण मोठे असते. म्हणजे दुःख विसरण्यासाठी जी घेतली, तीच दुःख निर्माण करू लागते.

१८८४ साली मॅट २८ वर्षांचा होता. त्या आठवड्यात त्याला काम नव्हते, म्हणून पगारही नव्हता. शनिवारी दुपारी तो भावासह नेहमीच्या गुत्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. आजवर त्याने हात सैल सोडून ज्यांना पाजले होते, ते मित्र पगार घेऊन एकेक करून समोरून गेले. कोणीही त्याला आत बोलावले नाही. मॅट तिथून निघाला आणि सरळ घरी आला. इतक्या लवकर आणि शुद्धीवर आलेला मुलगा पाहून आई चकित झाली. आपण दारू सोडण्याची शपथ घेणार, असे त्याने तिला सांगितले. त्या माउलीने त्याला जायला सांगितले, पण पाळायची असेल तरच शपथ घे, असेही बजावले.

तो क्लॉनलिफ येथील होली क्रॉस गुरुविद्यालयात गेला, पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. आयर्लंडमध्ये अशी शपथ घेण्याची मोठी परंपरा होती. १८३८ पासून फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी लाखो लोकांना ती दिली होती. मॅटने मात्र जन्मभराची शपथ घेतली नाही. त्याने फक्त तीन महिन्यांची घेतली.

या तीन महिन्यांपाशी आपण जरा थांबू या. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांला शिकवला जातो. माणसाची इच्छाशक्ती बुद्धीच्या प्रकाशात चालते. अतिमद्यपानाचा दोष हाच, की ते बुद्धीचा दिवा विझवते. मग ज्याचा दिवा वर्षानुवर्षे विझत आला आहे, त्याच्या इच्छाशक्तीकडून आपण एका दिवसात जन्मभराचे वचन कसे मागणार? पाय मोडलेल्या माणसाला आपण काठी देतो, त्याला डोंगर चढायला लावत नाही. मॅटला आपली ताकद किती आहे, हे ठाऊक होते. तीन महिने पार पडल्यावर त्याने सहा महिन्यांची शपथ घेतली आणि त्यानंतर कायमची.

ते पहिले तीन महिने त्याला फार कठीण गेले. या काळात एकदा तो एका पबमध्ये शिरलाही होता. गर्दीत कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही, तेव्हा तो बाहेर पडला आणि चर्चमध्ये जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याने खिशात पैसे बाळगायचे नाहीत, असे ठरवले. त्याहून मोठे संकट मनाचे होते. चरित्रकार लिहितात, की एका रविवारी तो कम्युनिअन घ्यायला निघाला असता निराशेने त्याला घेरले. हे सारे व्यर्थ आहे, तू पुन्हा पिणारच, असे त्याचे मन त्याला सांगू लागले. तो कम्युनिअन न घेताच बाहेर पडला. दुसऱ्या चर्चमध्ये गेला, तिथेही तेच. शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर हात पसरून तो पालथा पडला आणि प्रार्थना करत राहिला. काही वेळाने मनावरचे ते ओझे उतरले.

पूर्वी आपण याला फक्त सैतानाचा मोह म्हटले असते. आध्यात्मिक लढा तर तो होताच. पण दारू सोडल्यानंतरच्या आठवड्यांत मन असेच खचते, हे वैद्यकशास्त्रही सांगते. बहुतेकांची ही निराशा दोन-चार आठवड्यांनी ओसरू लागते. ती ओसरली नाही, तर मुळातच नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. घरच्यांना वाटते, दारू सोडली तरी हा चिडतो, गप्प राहतो, मग सोडून काय उपयोग? नेमक्या याच दिवसांत त्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते.

मॅटला आधार कशाचा मिळाला? पहाटेच्या मिस्साने त्याचा दिवस सुरू होई. संध्याकाळी जे पाय गुत्त्याकडे वळत, ते तो चर्चकडे वळवू लागला. अडखळत वाचणारा हा मजूर चिकाटीने संतांची चरित्रे वाचू लागला. क्लॉनलिफचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. मायकल हिकी हे धर्मगुरू त्याला मार्गदर्शक म्हणून लाभले. १८९० साली तो संत फ्रान्सिसच्या तृतीय संघात सामील झाला. त्याने उधाऱ्या फेडल्या. त्या फिडलवाल्याला त्याने शहरभर शोधले. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. एका लाकडाच्या वखारीत तो मजुरी करी आणि पगारातला मोठा वाटा गरिबांना देई. १८८४ नंतर तब्बल ४१ वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नाही.

७ जून १९२५ रोजी पवित्र त्रैक्याचा रविवार होता. मिस्साला जाताना ग्रॅन्बी लेन या गल्लीत मॅट कोसळला आणि त्याचे प्राणोत्क्रमण झाले. रुग्णालयात त्याच्या अंगावर तपश्चर्येच्या साखळ्या आढळल्या आणि तेव्हा कुठे जगाला हा माणूस कळला. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला पूजनीय घोषित केले. त्याचे अवशेष डब्लिनच्या अवर लेडी ऑफ लूर्द्स चर्चमध्ये आहेत.

बंधू-भगिनींनो, मॅटच्या साखळ्यांचे अनुकरण कोणी करू नये. मार्गदर्शकाच्या संमतीने त्याने निवडलेली ती वाट होती. तसेच त्याने एका दिवसात दारू सोडली, म्हणून तेही जसेच्या तसे करू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फीट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. म्हणून अगोदर डॉक्टरांना भेटा. मॅटच्या काळी हे उपचार नव्हते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना त्याच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभे राहिले. मन फारच खचले असेल, तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धेची कमतरता नव्हे. बरे करणारा प्रभू डॉक्टरांच्या हातांनीही बरे करतो.

आणि घरच्यांनी मॅटच्या आईकडे पाहावे. तिने मुलाला हाकलले नाही आणि त्याच्यावर मोठी शपथही लादली नाही. तो घरी आला, तेव्हा दार उघडे होते. आपल्या धर्मग्रामात आज कोणी तीन महिन्यांची शपथ घेतली, तर तिला कमी लेखू नका. ती मोडली, तर त्याला घेऊन पुन्हा या, आणि येताना डॉक्टरांची चिठ्ठीही आणा. आपण पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करू.

तुमचा,
धर्मगुरू