फेडन यांची पोलादी बाही

पणदऱ्याला आमच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते. त्याची टकटक पार उसाच्या फडात ऐकू येई. वर्षाआड बारामतीहून मिस्त्री येऊन व्हॉल्व्ह घासून जाई. व्हॉल्व्हशिवाय इंजिन असते हे मला फार उशिरा, दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयात कळले. तिथे टेम्पेस्ट हे लढाऊ विमान आहे. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत आपल्या हवाईदलाने अशी विमाने वापरली. त्यांच्या नाकाडात १८ सिलिंडरचे सेंटॉरस इंजिन असे. त्यामागचा माणूस सर रॉय फेडन.

फेडन १८८५ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जन्मले. मोटारींपासून सुरुवात करून ते विमानाच्या इंजिनांकडे वळले. चाकाच्या आऱ्यांसारखे ९ सिलिंडर असलेले त्यांचे ज्युपिटर तयार झाले आणि कंपनी बुडाली! १९२० मध्ये ब्रिस्टल विमान कंपनीने इंजिनासकट त्यांनाही घेतले. ज्युपिटर देशोदेशी गेले. दुसरा कोणी तिथेच थांबला असता.

फेडनना मात्र व्हॉल्व्ह खुपत होते. एका सिलिंडरला ४, म्हणजे इंजिनाला ३६. शिवाय त्यांचे दांडे, स्प्रिंगा. धुराचा व्हॉल्व्ह तर लालबुंद तापायचा. फेडन आणि त्यांचे सहकारी लेनर्ड बटलर यांनी ते सारे काढूनच टाकले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सदऱ्याच्या बाहीसारखी पातळ पोलादी नळी घातली. ती वरखाली होते, थोडी वळतेही. तिची भोके सिलिंडरच्या भोकांसमोर आली की इंधन आत येते, मग धूर बाहेर जातो.

१९३२ मध्ये पर्सियस हे पहिले इंजिन चालले. खरी परीक्षा पुढेच होती. प्रत्येक बाही ज्या त्या सिलिंडरला हाताने जुळवावी लागे. गोलाईत केसभर फरक पडला की इंजिन तेल पिई, नाही तर अडकून बसे. कोणते पोलाद, कसे घासायचे, यात वर्षे आणि अमाप पैसा गेला. जमले तेव्हा महायुद्ध दाराशी आले होते. मग १४ सिलिंडरची हर्क्युलिस इंजिने ५७ हजारांवर बनली.

१९४२ मध्ये फेडनना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांना कंपनी सोडावी लागली. संचालकांशी त्यांचे जुने बिनसलेले. माणूस हट्टी, स्वतः राबणारा आणि दुसऱ्यांना राबवणारा. तरी भर युद्धात असा माणूस घालवणे मला पटत नाही. १९४५ मध्ये पराभूत जर्मनीत जाऊन त्यांनी तिथली जेट इंजिने पाहिली. त्यांत ना व्हॉल्व्ह होते, ना बाही. १९७३ मध्ये ते वारले.