वायूचा रोग आणि नादाचे औषध
(भक्तश्रेष्ठ मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी)

सज्जनहो, भागवत हा आपल्या संप्रदायाचा प्राण. शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका इ.स. १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली, हे वारकऱ्याला सांगावयास नको. त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, दूर केरळात, एका रोगजर्जर तरुण पंडिताने तेच भागवत देवापुढे बसून १०० दिवस गाइले आणि त्या गाण्यालाच आपले औषध केले. त्या भक्ताचे चरित्र आज पाहू.

नाव मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी. जन्म सुमारे इ.स. १५६० चा. केरळात निळा नदी आहे, तिलाच भारतपुळा म्हणतात. तिच्या तीरी तिरुनावाय क्षेत्राजवळ या नंबूद्री ब्राह्मणांचे घर. मीमांसा वडिलांकडे, तर्क दामोदर नावाच्या थोरल्या बंधूंकडे, वेद माधव नावाच्या गुरूंकडे आणि व्याकरण अच्युत पिषारटींकडे, असे अध्ययन झाले. पिषारटी हे मोठे ज्योतिर्विद आणि वैयाकरण. पण ज्ञातीने मंदिरसेवेकरी, नंबूद्रींच्या खालच्या पायरीवरचे. तरी नारायणाने त्यांचे पाय धरले. विद्या जिथे असेल तिथे नमावे, हा पहिला धडा इथेच झाला.

पुढे गुरूंना वातरोगाने ग्रासले. सांधे आखडले, हालचाल खुंटली. आख्यायिका अशी की शिष्याने संकल्प सोडून गुरूंचे दुखणे गुरुदक्षिणा म्हणून आपल्या अंगावर घेतले. कुणी मानो, कुणी न मानो. पण ऐन पंचविशीत हा विद्वान वाताने जखडला, एवढे त्याच्याच ग्रंथावरून दिसते. ज्या हाताने पोथी धरायची तो हात उचलेना! पंडिताला याहून मोठी शिक्षा कोणती?

उपाय विचारायला माणूस पाठविला तो तुंचत्त् एळुत्तच्छन यांच्याकडे. मल्याळी भाषेत अध्यात्मरामायण आणणारे हे महाकवी ब्राह्मणेतर कुळातले. त्यांनी निरोप दिला की माशापासून सुरुवात कर. निरोप्या बिचारा गोंधळला. शाकाहारी ब्राह्मणाला मासे खायला सांगतात की काय! पण भट्टतिरींना खूण तात्काळ पटली. मासा म्हणजे मत्स्यावतार. मत्स्यापासून एकेका अवताराची लीला गा, असा तो उपदेश होता.

मग त्यांना उचलून गुरुवायूरला नेले. या क्षेत्राचे नावच पाहा ना! गुरू म्हणजे बृहस्पती, त्यांनी आणि वायुदेवाने मिळून इथे कृष्णमूर्ती स्थापिली, म्हणून गुरुवायूर. वायूने पीडलेला माणूस वायूनेच स्थापिलेल्या देवापुढे येऊन बसला. तिथे रोज एक दशक, म्हणजे सुमारे दहा श्लोक, ते रचीत आणि देवाला ऐकवीत. भाऊ लिहून घेई, असे परंपरा सांगते. अठरा हजार श्लोकांचे भागवत अशा रीतीने हजाराहून थोड्या अधिक श्लोकांत आले. त्या ग्रंथाचे नाव नारायणीयम्. भागवताचा नारायणही तोच आणि गाणाराही नारायणच! दशक संपताना देवाला एकच विनवणी असे, की हे दुखणे दूर कर. ते जिथे बसले ती जागा मंदिरात अजून दाखवितात.

आता थोडा शास्त्रार्थ पाहू. शिक्षा नावाचे वेदांग म्हणजे उच्चाराचे शास्त्र. ते सांगते की बोलण्याची इच्छा झाली म्हणजे मन देहातील अग्नीला डिवचते, अग्नी वायूला हलवितो, तो वायू छातीत फिरून मंद्र नाद करतो, मग वर चढतो, मस्तकाला आपटतो आणि मुखात येऊन वर्ण होतो. म्हणजे आवाज काय? शिस्तीत चाललेला वायू. आणि वातरोग काय? वाट चुकलेला वायू. भट्टतिरी वैयाकरण, ही प्रक्रिया त्यांना तोंडपाठ असणारच. हात हलेना, पाय हलेना, पण श्वास चालू होता आणि कंठ मोकळा होता. जे शाबूत होते ते त्यांनी देवाला दिले. गेलेल्याचे रडगाणे गाण्यापेक्षा उरलेल्याचे गाणे केले, हे मर्म ध्यानात घ्यावे.

शंभराव्या दिवशी मस्तकापासून चरणांपर्यंत भगवंताचे रूप वर्णन करून ग्रंथ संपला आणि भक्त व्याधिमुक्त झाला. आयुष्य, आरोग्य आणि सौख्य मागणारे शेवटचे पद त्यांनी मोठ्या खुबीने योजिले आहे. कटपयादी नावाच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंक असतो. त्या पदाची अक्षरे उलट क्रमाने मोजली की १७१२२१० ही संख्या येते. कलियुगाच्या आरंभापासून तितक्या दिवसांनी ग्रंथ पुरा झाला. तो काळ इ.स. १५८६ चा येतो.

पण कथा इथे संपत नाही. अंगातला वात गेला, डोक्यातला राहिला होता! पून्तानम नावाचे एक साधे नंबूद्री भक्त त्याच काळी होते. एकुलते एक तान्हे मूल अन्नप्राशनाच्या दिवशीच दगावले. ते दुःख त्यांनी मल्याळीत गाऊन कृष्णाच्या पायी घातले. त्या काव्याचे नाव ज्ञानप्पाना. ते तपासून द्यावे म्हणून ते भट्टतिरींकडे आले, तेव्हा या पंडिताने, देशी भाषेतले म्हणून, पाहण्याचे नाकारले. त्याच रात्री दुखणे उलटले. स्वप्नात देवाने बजाविले की तुझ्या विभक्तीपेक्षा मला याची भक्ती अधिक गोड लागते. भट्टतिरी उठले, पून्तानमांची क्षमा मागितली आणि काव्य ऐकले. तेव्हा कुठे पुरते बरे वाटले. देहाच्या रोगाला १०० दिवस लागले, विद्वत्तेच्या रोगाला एक रात्र; पण दुसराच अधिक जुना होता. आपल्या नाथमहाराजांनाही देशी भाषेसाठी काय सोसावे लागले, ते आठवा.

पुढील आयुष्य भरघोस गेले. इ.स. १६१६ मध्ये, म्हणजे नारायणीयमनंतर ३० वर्षांनी, त्यांनी प्रक्रियासर्वस्व हा व्याकरणाचा प्रचंड ग्रंथ केला. रंगभूमीसाठी प्रबंध रचिले. त्यांतल्या एकात शूर्पणखा रावणापुढे गाऱ्हाणे सांगते. तिचे नाक कापलेले, मग नाकातले वर्ण तिच्या तोंडी येतील कसे? म्हणून तिच्या बोलण्यात न, म असे एकही अनुनासिक कवीने येऊ दिले नाही. नाद देहात कुठे घुमतो याचे एवढे सूक्ष्म भान या पुरुषाला होते.

तात्पर्य काय? वैद्याचे औषध सोडावे, असे हे चरित्र सांगत नाही. दुखणे असेल तर औषध घ्यावेच. पण त्याबरोबर पहाटे स्वस्थ बसावे, ओठ मिटावेत आणि श्वास सोडताना विठ्ठलनाम भ्रमरासारखे छातीत घुमवावे. योगशास्त्रात याच गुंजारवाला भ्रामरी म्हणतात. गळा गोड नाही, ताल येत नाही, वारीला चालवत नाही म्हणून कुणी खंत करू नये. अंथरुणाला खिळलेल्याजवळही श्वास असतो, आणि श्वास आहे तोवर भजन आहे. ते पांडित्याने सजवा की साध्या मराठीत गुणगुणा, ऐकणारा तोच आहे.

रामकृष्णहरि.