काउंट जॉन मॅककॉर्मक : देवळांतील गायकवृंदांतून रंगभूमीकडे

ज्या कंठानें लंडन, न्यूयॉर्क, शिकागो व मोंटे कार्लो येथील रसिकांस वेड लावलें, त्या कंठास खरें वळण लागलें तें डब्लिन शहरांतील एका देवळाच्या गायकवृंदांत. आयर्लंडचे सुप्रसिद्ध टेनर, म्हणजे उंच पट्टींत गाणारे पुरुषगायक, काउंट जॉन मॅककॉर्मक यांचें चरित्र या दृष्टीनें आपणां सर्वांस मननीय आहे. रंगभूमीचें वैभव लाभलें असतां मनुष्यानें आपली श्रद्धा व आपला स्वाभिमान कसा राखावा, आणि देवानें दिलेल्या देणगीचा विनियोग कसा करावा, हें त्यांत दिसून येतें.

ता. १४ जून १८८४ रोजीं आयर्लंडच्या मध्यभागीं, शॅनन नदीच्या कांठीं वसलेल्या ॲथलोन या गांवीं त्यांचा जन्म झाला. आईबाप स्कॉटलंडमधून आलेले. वडील अँड्र्यू हे गांवांतील लोकरीच्या गिरणींत काम करीत. मुलें पुष्कळ व मिळकत बेताची, असा संसार होता. मारिस्ट ब्रदर्सच्या शाळेंत प्राथमिक शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ति मिळवून जॉन स्लायगो येथील समरहिल कॉलेजांत गेले.

सन १९०२ मध्यें ते डब्लिन येथें आले. तेथील सेंट मेरीच्या मुख्य देवळांत त्या सुमारास पॅलेस्ट्रिना गायकवृंद आकारास येत होता. सोळाव्या शतकांत रोममध्यें होऊन गेलेल्या थोर रचनाकाराचें नांव या वृंदास दिलेलें आहे. वृंदाचे चालक व्हिन्सेंट ओब्रायन यांनीं या तरुणाचा आवाज पारखला आणि त्यास आपल्याकडे घेतलें. पॅलेस्ट्रिनाच्या रचनांत एकाच वेळीं अनेक स्वरपंक्ति एकमेकींत गुंफलेल्या असतात. तेथें कोणासही आपलाच आवाज पुढें रेटतां येत नाहीं. दुसऱ्याचें ऐकावें, श्वास जपून वापरावा, लॅटिन शब्दांचा उच्चार स्वच्छ करावा, हीच अशा गायनाची शिस्त. पुढें मॅककॉर्मक यांची जी ख्याति झाली ती विशेषतः दीर्घ श्वास व सुस्पष्ट शब्दोच्चार यांबद्दल होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या पायाचें महत्त्व कळून येतें. ओब्रायन यांच्याच प्रोत्साहनानें ते १९०३ सालीं फेश क्योल या आयरिश संगीतमहोत्सवांत उतरले व टेनर गायकांचें सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें.

१९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. त्यांतील आयरिश विभागांत गाण्याचें काम त्यांस मिळालें. गिरणीकामगाराच्या वीस वर्षांच्या मुलास हें मोठेंच भाग्य होतें. परंतु तेथील खेळांत आयरिश मनुष्य म्हणजे एक हास्यास्पद विदूषक, असें सोंग आणण्यांत आलें, तेव्हां हा तरुण संतापला आणि काम सोडून मायदेशीं परतला. स्वतःच्या लोकांची थट्टा करून मिळणारें अन्न त्यास गोड लागलें नाहीं. याच प्रदर्शनांत गाणारी डब्लिनची गायिका लिली फोली ही पुढें १९०६ सालीं त्यांची पत्नी झाली.

आवाज होता, पण ऑपेराची विद्या नव्हती. आपल्याकडील संगीत नाटकांत गद्य संवाद व पदें यांची योजना असते; ऑपेरांत बहुधा सर्व संवाद गाऊनच म्हणावयाचे असतात, व तेही मोठ्या वाद्यवृंदाच्या वर आवाज पोंचवून. हितचिंतकांनीं पैसा जमवून दिला आणि १९०५ सालीं मॅककॉर्मक इटलींतील मिलान शहरीं गेले. तेथें विन्चेंझो साबातिनी या गुरूजवळ त्यांनीं अभ्यास केला. ता. १३ जानेवारी १९०६ रोजीं साव्होना या बंदराच्या लहानशा शहरांत, मास्कान्यीकृत ‘लामिको फ्रित्झ’ या ऑपेरांत, ते प्रथम रंगभूमीवर आले. इटालियन श्रोत्यांस रुचावें म्हणून त्यांनीं जोव्हान्नी फोली असें नांव घेतलें होतें; आडनांव अर्थात् वाग्दत्त वधूचें.

पुढील वर्षीं, ता. १५ ऑक्टोबर १९०७ रोजीं, लंडनच्या कव्हेंट गार्डन रंगमंदिरांत ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ मधील तुरिद्दूची भूमिका त्यांनीं केली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. तेव्हांपासून १९१४ च्या महायुद्धापर्यंत दरसाल तेथील हंगामांत ते गात असत. ता. १० नोव्हेंबर १९०९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें हॅमरस्टाइन यांच्या मॅनहॅटन ऑपेरा मंडळींत, ‘ला त्राव्हियाता’ मध्यें, तेत्राझ्झिनी या विख्यात गायिकेसमवेत ते प्रथम गायिले.

त्या काळीं अमेरिकेंतील मोठ्या शहरांस आपापली ऑपेरा मंडळी असावी अशी हौस उत्पन्न झाली होती. १९१० सालीं हॅमरस्टाइन यांनीं आपला कारभार प्रतिस्पर्धी मेट्रोपॉलिटन मंडळीस विकला. त्यांतील बरेंचसें सामान व गायक घेऊन शिकागो ग्रँड ऑपेरा कंपनी उभी राहिली. बॉस्टन येथेंही स्वतंत्र मंडळी होती. या दोन्ही मंडळ्यांबरोबर मॅककॉर्मक गात असत. शिकागोची मंडळी फिलाडेल्फियांतही प्रयोग करी, तेथें ता. २५ फेब्रुवारी १९११ रोजीं व्हिक्टर हर्बर्ट यांच्या ‘नाटोमा’ या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्यांत तरुण नाविक अधिकाऱ्याची भूमिका त्यांजकडे होती. त्याच वर्षीं मेल्बा या गायिकेच्या मंडळीबरोबर ते ऑस्ट्रेलियासही जाऊन आले. शिकागो व बॉस्टन येथील त्या मंडळ्या मात्र खर्चाच्या ओझ्याखालीं थोड्याच वर्षांत बंद पडल्या.

येथें त्यांच्या आयुष्यांतील खरा निर्णयाचा प्रसंग आला. अभिनय हें आपलें अंग नव्हे, हें ते स्वतःच मोकळेपणानें मान्य करीत. वेष व रंग चढवून उभें राहण्यापेक्षां नुसत्या पियानोच्या साथीवर गावें, हें त्यांस अधिक मानवत असे. तेव्हां ऑपेराचा मान हळूहळू मागें ठेवून त्यांनीं मैफलींचा मार्ग धरला. त्यांत हँडेल, मोत्सार्ट, शूबर्ट यांच्या रचना असत आणि शेवटीं आयर्लंडचीं साधीं लोकगीतेंही असत. असलीं बाळबोध गाणीं गाऊन एवढा कलावंत आपली योग्यता कमी करतो, असा ठपका कित्येक टीकाकारांनीं ठेवला. परंतु देशांतरास गेलेल्या लाखों आयरिश मजुरांस व मोलकरणींस त्या गाण्यांत आपलें घर भेटत होतें. मॅककॉर्मक यांनीं टीका सोसली. गाणीं सोडलीं नाहींत.

महायुद्धाच्या काळांत त्यांनीं अमेरिकन नागरिकत्वासाठीं अर्ज केला, त्यामुळें इंग्लंडमध्यें त्यांजविषयीं रोष झाला व १९२४ पर्यंत लंडनमध्यें त्यांचें गाणें झालें नाहीं. मध्यंतरीं १९२२ सालीं न्यूयॉर्क येथें घशाच्या दुखण्यानें ते मरणाच्या दारीं जाऊन आले. तरी दुसऱ्याच वर्षीं, १९२३ च्या मार्चमध्यें, मोंटे कार्लो येथील मंडळींत मुसोर्ग्स्की यांच्या ‘सोरोचिन्त्सीची जत्रा’ या ऑपेरांत त्यांनीं ग्रित्स्कोची भूमिका केली. त्यानंतर मात्र ऑपेराची रंगभूमी त्यांनीं कायमची सोडली.

धर्मकार्यांस त्यांनीं सढळ हातानें साह्य केलें. त्याची कदर करून १९२८ सालीं परमगुरु अकरावे पायस यांनीं त्यांस काउंट ही पदवी दिली. १९३२ च्या जूनमध्यें डब्लिन येथें आंतरराष्ट्रीय युखॅरिस्तिक परिषद भरली. अशीच परिषद पुढें १९६४ सालीं मुंबईंत भरली, हें वाचकांस ठाऊक आहेच. ता. २६ जून रोजीं फिनिक्स पार्कच्या मैदानांत सुमारें दहा लक्ष भाविकांसमोर महामिस्सा झाली, आणि तींत संत थॉमस अक्वायनस यांच्या स्तोत्रांतील ‘पानिस आंजेलिकुस’ हें कडवें, सेझार फ्रांक यांच्या चालीवर, मॅककॉर्मक यांनीं गायिलें. त्या दिवशीं गायकांचें नेतृत्व करीत होते ते व्हिन्सेंट ओब्रायनच! तीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं गिरणीकामगाराच्या मुलास वृंदांत उभें केलें, त्यांच्याच हाताखालीं जगद्विख्यात शिष्य पुन्हा एकवार परमप्रसादाचें गीत गात होता.

ता. २७ नोव्हेंबर १९३८ रोजीं लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें त्यांनीं रसिकांचा निरोप घेतला. परंतु दुसरें महायुद्ध पेटतांच ते विश्रांति सोडून पुन्हा बाहेर पडले व रेड क्रॉसच्या साह्यार्थ गाऊं लागले. फुप्फुसें दुर्बल होत चाललीं होतीं. ज्या दीर्घ श्वासाबद्दल त्यांची कीर्ति, तो श्वासच आतां पुरेनासा झाला. अखेर १९४३ सालीं वैद्यांच्या आज्ञेवरून त्यांस थांबावें लागलें. ता. १६ सप्टेंबर १९४५ रोजीं डब्लिनजवळ बूटर्सटाउन येथील राहत्या घरीं त्यांनीं देह ठेवला. डीन्सग्रेंज येथील दफनभूमींत ते चिरनिद्रा घेत आहेत.

वाचकहो, महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवळाच्या भिंती, घंटा व वेदी यांचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. परंतु माडीवर उभा राहून, मुलांस सूर लावून देण्यासाठीं आठवड्यामागून आठवडे घसा कोरडा करणारा गायनशिक्षक आपल्या ध्यानीं क्वचितच येतो. व्हिन्सेंट ओब्रायन यांनीं आपलें काम मनापासून केलें नसतें, तर मॅककॉर्मक यांचें नांवही आज आपणांस ऐकूं आलें नसतें. आपल्या मुलांमुलींस गायकवृंदांत पाठवा आणि त्यांस शिकविणाऱ्यास मान द्या. प्रत्येक मूल जगद्विख्यात होईल असें नाहीं; पण मिस्सेच्या वेळीं देवाची स्तुति नीट होईल, आणि तेंही कांहीं थोडें नव्हे.

प्रभु या थोर गायकाच्या आत्म्यास चिरशांति देवो.