चंद्रावरची सावली ओळखणारे गॅलिलिओ



थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे नाव आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पण चित्रकलेच्या तासाला आपण जे शिकतो, तेच त्यांना आकाश बघताना उपयोगी पडले, हे पुष्कळांना माहीत नसते. मला चित्रकला फार आवडते, म्हणून मी तीच गोष्ट सांगतो.

गॅलिलिओंचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा शहरी झाला. वडील संगीतकार होते. मुलाने वैद्य व्हावे, अशी त्यांची इच्छा. पण मुलाचं मन रमलं गणितात! त्यांचे गुरू ओस्तिल्यो रिची हे चित्रकारांनाही गणित शिकवत. चिगोली नावाचे चित्रकार गॅलिलिओंचे जिवलग मित्र होते. गॅलिलिओ स्वतःही छान चित्रे काढत. त्यामुळे छायाप्रकाश त्यांच्या नजरेत पक्का बसला होता.

छायाप्रकाश म्हणजे काय? कागदावर नुसतं वर्तुळ काढलं, तर ती भाकरी की चेंडू, ते कळत नाही. म्हणून उजेड कोठून येतो ते आधी ठरवायचं. समजा, डावीकडून येतो. मग चेंडूची डावी बाजू कोरी ठेवायची, उजवीकडे छटा हळूहळू गडद करायची आणि जमिनीवरची सावली उजवीकडे पाडायची. शेजारी खोका किंवा डबा काढला, तरी नियम हाच. खड्ड्याचं मात्र उलट असतं. सकाळी विहीर बघा. पूर्वेची, म्हणजे सूर्याकडची भिंत अंधारात असते आणि पश्चिमेची भिंत उन्हात!

१६०९ साली गॅलिलिओंनी सुमारे वीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण तयार केली आणि ती चंद्राकडे वळवली. चंद्र म्हणजे अगदी गुळगुळीत गोळा, असे त्या काळचे पंडित मानत. गॅलिलिओंना उजेड-अंधाराच्या सीमेजवळ बारीक डाग दिसले. प्रत्येकाची सूर्याकडची बाजू काळी आणि पलीकडची कड उजळ. म्हणजे ते खड्डे होते! अंधाऱ्या भागात उजेडाचे सुटे ठिपकेही होते. पहाटे डोंगरमाथ्यावर ऊन येतं, तेव्हा पायथ्याचं गाव सावलीतच असतं ना? तसेच हे चंद्रावरचे डोंगर. काही तासांनी ठिपके वाढले आणि उजेडाला जाऊन मिळाले.

इंग्लंडमधील थॉमस हॅरिअट यांनी काही महिने आधीच दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले होते. पण त्यात डोंगर नव्हते. डोंगर ओळखले गॅलिलिओंनी. त्यांनी शाईच्या छटा देऊन चंद्राची चित्रे काढली आणि मार्च १६१० मध्ये पुस्तक छापले. १६१३ साली फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या प्रसिद्ध संस्थेने त्यांना आपले सभासद करून घेतले.

पुढे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची बाजू घेतली म्हणून १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. अखेरच्या काही वर्षांत दृष्टीही गेली. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. ८ जानेवारी १६४२ रोजी ते वारले.

मित्रांनो, दुर्बीण पुष्कळांकडे होती, पण सावली वाचायला शिकलेला डोळा हवा होता. म्हणून छटा देताना घाई करू नका. उजेड कोठून येतो, ते आधी नीट बघा!