आवाजाची दिशा शोधणारे लॉर्ड रॅले

आंधळी कोशिंबीर आपण सगळेच खेळतो. डोळ्यांवर पट्टी असली तरी टाळी कुठून वाजली ते कळतं. ते कसं कळतं, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांची ही माहिती.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म इंग्लंडमध्ये १२ नोव्हेंबर १८४२ रोजी झाला. लहानपणी ते सारखे आजारी असत, त्यामुळे शाळा पुष्कळ बुडाली. तरीपण १८६५ साली केंब्रिजला गणितात ते पहिले आले. १८७२ मध्ये त्यांना सांधेतापाने गाठलं. जिवावरचं दुखणं! हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवर बोटीत बसून ध्वनीवरचा मोठा ग्रंथ लिहू लागले. १८७३ मध्ये वडील वारले व ते लॉर्ड रॅले झाले. हजारो एकर जमीन होती, पण तिचा कारभार त्यांनी धाकट्या भावावर सोपवला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली.

त्यांचा एक प्रयोग आपल्या पटांगणातही करता येईल. हिरवळीवर मधोमध एकजण डोळे मिटून उभा, भोवती माणसं. कुणी बोललं की दिशा बरोबर सांगता यायची. मग त्यांनी नादकाटा वाजवून पाहिला. आता डावं-उजवं कळे, पण आवाज पुढून की मागून हे काही सांगता येईना!

१९०७ साली त्यांनी उलगडा मांडला. खालच्या पट्टीचा आवाज जवळच्या कानाला आधी मिळतो, लांबच्या कानाला जरा उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, पण मेंदू तो बरोबर हेरतो. बारीक आवाज मात्र डोक्याच्या आड अडतो, म्हणून पलीकडच्या कानाला तो हळू ऐकू येतो. पुढचं-मागचं ओळखायला कानाच्या बाहेरच्या घड्या उपयोगी पडतात, हे नंतर कळलं.

एका कानाने कमी ऐकू येत असलं, तर उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठल्या बाजूने येतोय ते पटकन समजत नाही. पालकांनीही हे वाचावं. पोराचा कान वाहत असला तर त्यात तेल घालत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

ऑरगॉन वायूच्या शोधासाठी रॅले यांना १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ३० जून १९१९ रोजी ते वारले.

लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटात कुजबुज भिंतीला धरून सरकत जाते, हेही त्यांनीच दाखवलं. पुढे आपल्या सी. व्ही. रामन यांनी विजापूरच्या गोलघुमटाचा तसाच अभ्यास केला. तिथल्या सज्जात भिंतीला कान लावला, की पार समोरच्या टोकाला बोलणारा माणूस आपल्या शेजारीच भिंतीत बसलाय असं वाटतं.