शिशाची पेटी आणि क्ष-किरणांची गाडी

मेहकर, खामगाव किंवा शेगावच्या रुग्णालयात हात मोडलेला शेतकरी आला, की डॉक्टर त्याला प्रथम क्ष-किरण विभागाकडे धाडतात. तेथील तंत्रज्ञ दुखरा हात अलगद हव्या त्या कोनात ठेवतो, रुग्णाला स्तब्ध राहण्यास सांगतो, स्वतः आडोशाला जातो आणि कळ दाबतो. पुढचे सारे उपचार त्या चित्रावर ठरतात. परंतु ते टिपणाऱ्याचे नाव रुग्णाला क्वचितच ठाऊक होते. त्याच्या छातीवरच्या लहानशा बिल्ल्याकडेही कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्या शरीराने किती किरण झेलले, हे त्या बिल्ल्यावरून ठराविक मुदतीने मोजले जाते. हा पेशा जेव्हा आकार घेत होता, तेव्हा असे बिल्ले नव्हते. त्या काळात युद्धभूमीवर क्ष-किरणांची गाडी घेऊन फिरणारी आणि शेकडो हातांना हे काम शिकविणारी स्त्री म्हणजे मेरी क्युरी.

७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे मारिया स्क्लोदोव्स्का यांचा जन्म झाला. पोलंडवर तेव्हा रशियाचा अंमल होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. मारिया दहा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. मुलींना तेथील विद्यापीठाची दारे बंद होती. म्हणून दोघी बहिणींनी आपसांत करार केला. मारियांनी परक्या घरी मुलांना शिकविण्याची नोकरी धरली आणि थोरल्या ब्रोन्याच्या पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षणास पैसे पुरविले. १८९१ मध्ये त्यांची स्वतःची पाळी आली. सोरबोन विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही विषयांत पदवी मिळविली. १८९५ च्या जुलैत पिअर क्युरी यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला.

पोलोनियम आणि रेडियम, १९०३ आणि १९११ ची दोन नोबेल पारितोषिके, १९०६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली झालेला पिअर यांचा मृत्यू, हा भाग शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यानंतरची चार वर्षे मात्र तितकीशी सांगितली जात नाहीत.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा पॅरिसमधील रेडियम संस्थेची इमारत नुकतीच उभी राहिली होती. जर्मन सैन्य राजधानीच्या रोखाने येऊ लागताच मेरीबाईंनी संस्थेजवळचे सुमारे एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत ठेवून रेल्वेने बोर्दोला नेले, तेथे ते सुरक्षित ठेवले आणि स्वतः पॅरिसला परतल्या. सारे शहर सोडून पळत असताना उलट दिशेने येणाऱ्या त्या मोजक्यांपैकी एक होत्या.

आघाडीवरील जखमींची अवस्था दारुण होती. गोळी वा तोफगोळ्याची कपची शरीरात नेमकी कोठे रुतली आहे, हे न कळताच शल्यवैद्य सुरी चालवीत. कपची सापडेपर्यंत मांस चिरले जाई. ती आतच राहिली, तर जखम चिघळे आणि पाय वा हात कापावा लागे. क्ष-किरण यंत्रे होती, पण थोडी, आणि तीही बहुतांशी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. हलविण्याजोगी अवस्था नसलेल्या जखमींना त्यांचा उपयोग शून्य. तेव्हा जखमी यंत्राकडे जात नसेल, तर यंत्रानेच जखमीकडे जावे, हा सरळ विचार मेरीबाईंनी केला. रेडक्रॉसच्या क्ष-किरण सेवेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. देणग्या मागून, धनिक स्त्रियांकडून मोटारी मिळवून त्यांनी सुमारे वीस गाड्या सज्ज केल्या. गाडीच्याच इंजिनावर डायनॅमो फिरे आणि यंत्रास वीज मिळे. खिडक्यांवर काळे पडदे लावले, की खोलीचा अंधारकक्ष होई. सैनिक या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणत. याखेरीज निरनिराळ्या रुग्णालयांत सुमारे दोनशे कायम केंद्रे उभारण्यात आली.

दोन नोबेल मिळविणारी ही विदुषी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शरीररचनाशास्त्र शिकली, मोटार हाकावयास शिकली, पंक्चर झालेले चाक बदलू लागली. १९१५ च्या एप्रिलमध्ये गाडी खड्ड्यात उलटून यंत्रांच्या पेट्या त्यांच्या अंगावर कोसळल्या. घरी त्यांनी याची वाच्यता केली नाही. १९१४ च्या नोव्हेंबरात क्रेय येथील पहिल्या फेरीस त्यांच्यासोबत थोरली कन्या इरेन होती. पुढे अठराव्या वर्षी तिने बेल्जियममधील आघाडीजवळचे केंद्र एकटीने सांभाळले. दोन निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेऊन गोळीची खोली गणिताने काढावयाची, हे तंत्र ती मुरलेल्या लष्करी डॉक्टरांना समजावून देई. एवढीशी मुलगी आपल्याला भूमिती शिकविते, हे सर्वांनाच रुचले असेल, असे वाटत नाही.

यंत्रे आली, पण ती चालविणारे हात कोठून आणावयाचे? पुरुष आघाडीवर होते. म्हणून १९१६ पासून रेडियम संस्थेत स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाले. काही आठवड्यांच्या त्या अभ्यासक्रमात वीज, क्ष-किरण, छायाचित्रण आणि शरीररचना हे विषय होते. जेमतेम शिकलेल्या स्त्रियाही त्यात होत्या. सुमारे दीडशे जणी तेथून तयार होऊन केंद्रांवर रुजू झाल्या. जखमीला कसे निजवावे, न दुखविता कसे वळवावे, भ्यालेल्याला यंत्राविषयी काय सांगावे, हेही त्यांच्याच कामात मोडे. युद्ध संपेपर्यंत या सेवेतून दहा लाखांहून अधिक तपासण्या झाल्या, असा अंदाज आहे. १९२१ मध्ये मेरीबाईंनी या अनुभवावर पुस्तकही लिहिले. त्यात त्यांनी स्वतःविषयी फारसे काही सांगितलेले नाही. फ्रेंच सरकारनेही या कामाची औपचारिक दखल घेतली नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. त्या काळच्या क्ष-किरण नळ्यांना पुरेसे आवरण नसे. कापडी हातमोजे आणि थोडेसे शिसे एवढेच संरक्षण. अनेक देशांतील क्ष-किरणकर्मींची बोटे झडली, कर्करोगाने प्राण गेले. १९३६ मध्ये हँबुर्ग येथे त्यांच्या नावांचे स्मारक उभारण्यात आले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणमापक बिल्ल्यांची सेवा सुरू केली आणि १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. खामगावच्या तंत्रज्ञाच्या खिशावरचा बिल्ला त्या व्यवस्थेचा भाग आहे.

४ जुलै १९३४ रोजी रक्त निर्माण होण्याचेच थांबविणाऱ्या पांडुरोगाने मेरी क्युरी यांचे निधन झाले. रेडियमनेच त्यांचा बळी घेतला, असे सर्वांनी गृहीत धरले. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलविण्यात आले. स्वतःच्या कर्तृत्वावर तेथे स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शवपेटी उघडली, तेव्हा तज्ज्ञांनी किरणोत्सर्ग मोजला. तो अपेक्षेहून कितीतरी कमी निघाला. आजाराचे कारण रेडियमपेक्षा युद्धकाळात झेललेले क्ष-किरण असण्याचा संभव अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. इरेनही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. आईसोबत क्रेयच्या त्या पहिल्या फेरीला ती निघाली, तेव्हा सतरा वर्षांची होती.